कल म्हणजे कोणता दिवस

२००४ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो. छप्पन्न वर्षं बऱ्हाणपुरात काढलेल्या माणसाला हिंदी समजत नाही, असा एक कागद त्या साली टाइप झाला आणि त्याच्याखाली माझी सही मागितली गेली. आज तो कागद आठवला तरी माझ्या पुढ्यातला चहा थंड होतो. त्याबद्दलच लिहितो आहे. शुद्धलेखन बघणाऱ्यांनी दुसरं काही वाचावं.

मी सिंधीपुऱ्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, तेही मराठीत. पुढं जिनिंगमध्ये लागलो. कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आत ओल किती आहे ते सांगायचं, हे माझं काम. माझा अंदाज चुकला म्हणून कुणी भांडायला आला, असं एकदाही झालं नाही. जिनिंग बंद पडलं तेव्हा जसोंडीच्या रस्त्याला केळीच्या रोगांवर काम करणारी एक खाजगी प्रयोगशाळा निघाली होती. तिथं मला झाडलोटीला घेतलं. झाडता झाडता मी थंड खोलीपर्यंत पोचलो आणि तिथलाच झालो. हजेरीच्या वहीत शेवटपर्यंत सफाई कामगार असंच लिहिलेलं होतं, पण फ्रीजरमध्ये काय कुठं आहे ते मला विचारल्याशिवाय कुणाला सापडत नव्हतं.

त्या फ्रीजरमध्ये पेप्टाइडं असायची. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारका तुकडा. आमच्या पहिल्या मॅडम अकोल्याकडच्या होत्या, त्यांनी मला सांगितलं, "काका, मण्यांची माळ असते ना, तशी. कोणता मणी कुठं ते आधी ठरवायचं आणि मग यंत्रावर ओवायची." ती माळ परदेशात ओवून, सुकवून, बोटाएवढ्या शीशीत घालून थर्माकोलच्या डब्यातून आमच्याकडं यायची. पांढरी पावडर. शीशीत काही आहे की नाही, असा संशय यावा एवढीशी. ती विरघळवून केळीच्या रोपांना द्यायची आणि मुळातून वर चढणारी बुरशी तिनं मरते का ते बघायचं, असं काम चाललेलं.

सांभाळायची रीत मी त्याच मॅडमकडून शिकलो. उणे वीसमध्ये, अंधारात, कोरडी ठेवायची. बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. तळाशी ओल शोषणारे निळे खडे घातलेल्या काचेच्या बरणीत तासभर बंदच ठेवायची. गार शीशी उघडली की हवेतली ओल आत धावते आणि पावडर ती पिऊन टाकते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कापूस वेगळं काय करतो? मी शीशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचो. गार लागली की परत बरणीत. मग टिचकी मारून बुचाला चिकटलेली पावडर खाली आणायची, निर्जंतुक पाणी काचेच्या कडेकडेनं सोडायचं, आणि हलवायचं नाही, नुसतं फिरवायचं. फेस आला म्हणजे घाई झाली. तयार झालेलं लहान लहान ट्यूबमध्ये वाटायचं आणि गोठवायचं. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलेली परत गोठवून वापरायची नाही. एवढंच आहे. पण एवढंच करायला जो धीर लागतो, तो शिकलेल्या माणसांत कमी असतो. हे मी रागानं लिहितो आहे, पण खोटं लिहीत नाही.

पहिल्या मॅडम लग्न होऊन गेल्या आणि भोपाळच्या नव्या मॅडम आल्या. वय तिशीच्या आत. हुशार होत्या, ते नाकारत नाही. चालणं पळाल्यासारखं, बोलणंही तसंच. मला काका म्हणायच्या. त्या दिवसांत लाईट कधीही जायची, आणि जनरेटर डिझेलअभावी उभा असायचा. लाईट गेली की मी घरून आणलेली गोधडी फ्रीजरवर पांघरायचो आणि दाराला कुणाला हात लावू द्यायचो नाही. मॅडमनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "काका, फ्रीजर को ठंड लग रही है क्या?"

मी म्हटलं, "उसकी ठंड बाहर न जाए इसलिए है. आपकी रजाई भी यही करती है, उलटी बाजू से."

त्या हसल्या. तेव्हा आमचं बरं होतं.

बिघडलं एका मंगळवारी. आदल्या दिवशी, सोमवारी, एक शीशी माझ्या रीतीनं झाली होती. तासभर बरणीत ठेवली, सावकाश विरघळवली. त्यातल्या अर्ध्या ट्यूब मंगळवारच्या सरावात गेल्या, अर्ध्या उरल्या. खरा प्रयोग बुधवारी होता, साठ रोपांवर, आणि तो बघायला वरच्या कचेरीतली माणसं येणार होती. त्यासाठी मॅडमनी मंगळवारी सकाळी दुसरी शीशी काढली. त्या पेप्टाइडाची ती शेवटचीच. पुढची मागवायची तर दोन-तीन महिने, आणि तोवर रोपं वाढून प्रयोगाच्या कामाची राहिली नसती.

मॅडमनी शीशी बरणीत ठेवली, पंधरा मिनिटांनी काढली.

मी म्हटलं, "मॅडम, अभी गार है."

"काका, पंद्रह मिनट हो गए."

"घंटा लगता है. देखो, पसीना आ रहा है उसको. वो पसीना अंदर जाएगा."

"आपको किसने बोला घंटा?"

"मेरी कलाई ने."

त्यांनी शीशी उघडता उघडता माझ्याकडं न बघता विचारलं, "और कलाई ने पीएचडी कब की?"

उघडली. पाणी एकदम ओतलं. आणि शेळीला औषध पाजण्याआधी बाटली हलवतात तशी हलवली. वर बोटभर फेस. फेस बसल्यावरही पाणी गढूळच दिसत होतं. त्यांनी ते ट्यूबमध्ये वाटलं, डब्यात लावलं आणि मला दिलं. डबा फ्रीजरमध्ये ठेवला आणि दार जरा जोरात लावलं. एवढाच माझा त्या सकाळचा राग कुणी ऐकला असेल तर.

दुपारी तीनला मॅडमना खंडव्याला जायचं होतं. पाहुण्यांना तिथून आणायचं होतं. कानाला फोन, खांद्याला पिशवी, एक पाय दाराबाहेर. तिथून मला म्हणाल्या, "काका, कल वाली ट्यूब रखना, बाकी सब फेंक देना. रॅक धो देना, कल सब साफ दिखना चाहिए."

आणि गेल्या.

आता मला सांगा. एवढी मोठी भाषा, निम्मा देश बोलतो, आणि गेलेल्या दिवसालाही कल, येणाऱ्या दिवसालाही कल. आमच्याकडं काल म्हणजे काल आणि उद्या म्हणजे उद्या. लहान पोरसुद्धा चुकत नाही. मी जन्मभर हिंदी बोललो, बाजारात बोललो, जिनिंगमध्ये बोललो, भांडलो ते सगळं हिंदीत. पण कानाचं मराठीपण जात नाही. कल ऐकलं की आधी कालच पोचतो. बाकी वाक्यावरून माणूस समजून घेतो. या वाक्यात समजून घ्यायला काहीच नव्हतं.

मला वाटलं, मॅडमला पटलं. सोमवारची, म्हणजे कालची, नीट झालेली आहे ती ठेवायची आणि आज सकाळची गढूळ फेकायची. तोंडानं चूक कबूल करवत नाही म्हणून जाता जाता सांगून गेल्या. मी मंगळवारचा डबा काढला. एकेक ट्यूब उघडून जंतू मारायच्या पाण्यात ओतली, ते पाणी मोरीत सोडलं, रॅक धुतला आणि उन्हात पालथा घातला.

दारात जाऊन 'कौन सा कल' असं विचारता आलं असतं. त्यांची रिक्षा तेव्हा फाटकातच उभी होती. विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मॅडमनी फ्रीजर उघडला.

"काका, आज के ट्यूब कहाँ हैं?"

"आज के कौन से? आपने कल के रखने को बोला था. ये रहे कल के."

"ये तो सोमवार के हैं."

"हाँ. आपने मंगल को बोला, तो कल सोमवार हुआ."

"कल मतलब आज, काका. मैंने आज के लिए बोला था."

कल म्हणजे आज, हे बोलताना त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मग त्यांचा चेहरा उतरत गेला. हात फ्रीजरच्या दारावरच. वाफ बाहेर येत होती, आणि मीच पुढं होऊन दार लावलं. आत बाकीच्यांची पेप्टाइडं होती.

"आपने जानबूझकर फेंके," त्या म्हणाल्या. "कल सुबह से आपको वो अच्छे नहीं लग रहे थे."

सोमवारच्या उरलेल्या ट्यूबांत साठ रोपं भागत नव्हती; पाहुणे आले, चहा प्याले, काहीच न दिलेली रोपं बघून गेले. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब गावचेच, मराठी घरातले, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. मॅडम कोपऱ्यात बसलेल्या, डोळे लाल. साहेबांनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला. हिंदीत होता. मी कमी शिकलेलो आहे, मला हिंदी ठीक समजत नाही, त्यामुळं चूक झाली, पुढं होणार नाही.

"हे फक्त फायलीसाठी, काका," साहेब म्हणाले. "वर काहीतरी दाखवायला लागतं. सही करा, विषय संपला. थंड खोली तुमचीच."

"नाही केली तर?"

"तर थंड खोलीत नाही ठेवता येणार. नेट हाऊस आहे, मागचं जाळीचं. रोपांना पाईपानं पाणी घालायचं. विचार करा, सकाळी सांगा."

मी कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून. म्हटलं, "साहेब, मला हिंदी समजते. हिंदीलाच दिवस समजत नाहीत."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी हातानं झाकलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मेरा साल गया, काका. आपको मज़ाक सूझ रहा है."

ते बरोबर होतं. मला तेव्हा ते ऐकू आलं नाही, एवढा मी पेटलो होतो. माझ्या कापसातल्या, थंड खोलीतल्या सगळ्या वर्षांचं नाव त्या कागदावर अडाणीपण ठेवलं होतं. शीशी गार उघडली त्याचा कागदावर शब्द नव्हता. मी तसाच उठून आलो.

दिवेलागणीला घरी वहीचं पान फाडून बसलो. बायको ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं विचारलं, "काय लिहू राहिले?"

"खरं."

"एवढं खरं कुणी मागितलं तुम्हाला? सही करून टाका अन् मोकळे व्हा. हिंदी येत नाही म्हटल्यानं काय अंगाला भोकं पडतात?"

"मला येते."

"मला माहीत आहे येते. माझ्या भावाला दारातून काढलं तेव्हा हिंदीतच काढलं होतं."

मी पाच ओळी लिहिल्या. दोनदा खोडून तिसऱ्यांदा स्वच्छ केल्या आणि तिला वाचून दाखवल्या. मला हिंदी समजते. मॅडम कल म्हणाल्या, मी काल समजलो. विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. शीशी गार असताना उघडली हे मी सकाळीच सांगितलं होतं. ट्यूब फेकताना मला बरं वाटलं.

तिचा हात पिठात थांबला. "ते शेवटचं काढा."

"का?"

"बाकी चार ओळी तुमच्या बाजूनं बोलतात. ते एक वाचलं की मॅडमचंच खरं होतं."

"मॅडमचं खरं नाही. मी मुद्दाम नाही फेकले."

"मग कायले लिहिलं?"

मुद्दाम केलं नव्हतं. पण हुकूम मिळाला तेव्हा मनात गुदगुल्या झाल्या होत्या, आणि त्या झाल्या म्हणूनच मी फाटकापर्यंत जाऊन विचारलं नाही. ती ओळ काढली असती तर माझा कागद आणि साहेबांचा कागद यांत फरक भाषेचाच राहिला असता. मी तिला म्हटलं, "राहू दे." ती म्हणाली, "मग घाला पाणी रोपांना जन्मभर," आणि भाकरी तव्यावर इतक्या जोरात टाकली की कडेला फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो. मॅडमनाही बोलवा म्हटलं. त्या आल्या. मी पान उघडून मोठ्यानं वाचलं, आणि शेवटची ओळ मॅडमना कळावी म्हणून हिंदीत परत सांगितली. "फेंकते समय मुझे अच्छा लगा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खिडकीकडं तोंड केलं. साहेबांनी पेन पुढं केलं. म्हणाले, "काका, एवढी एक ओळ खोडा. बाकीचं मी सांभाळून घेतो. थंड खोलीसुद्धा."

मी पेन घेतलं. ओळीखाली सही केली, वडिलांच्या नावासकट पूर्ण. पान टेबलावर ठेवलं, पेनाचं टोपण लावून पेन परत दिलं, आणि कुणी सांगायच्या आत मागच्या दारानं नेट हाऊसमध्ये जाऊन पाईप उचलला.