भाऊजींचं वाघाशी वैर

वाघावर रुसलेला माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला यावा हे तिचं नशीब. आमच्या भाऊजींचं घर चंद्रपुरात, जटपुरा गेटाच्या आत. पाणीपुरीच्या गाड्यापासून दवाखान्याच्या भिंतीपर्यंत गावात आता वाघच वाघ रंगवलेले, त्यामुळे भाऊजी मान खाली घालूनच फिरतात. सलूनमध्ये वाघाचं कॅलेंडर दिसलं की खुर्ची फिरवून, आरशाकडे पाठ करून केस कापून घेतात. टीव्हीवर 'आज सर्वाधिक तापमान चंद्रपुरात' असं आलं की चॅनेल बदलतात. एकदा रेल्वेत शेजारच्या प्रवाशाने कौतुकाने विचारलं, "चंद्रपूर? म्हणजे ताडोबा ना?" झालं! "ताडोबा चंद्रपुरात आहे भाऊ, चंद्रपूर ताडोब्यात नाई. गावाभोवतीचा आमचा तट, परकोट, पाह्यला काय? चार दरवाजे पाह्यले? राजानं राणीसाठी बांधलेलं सारेच पाह्यतेत, आमच्या इथी राणीनं राजासाठी समाधी बांधली!" तो माणूस वर्ध्याला उतरला. त्याचं तिकीट मुंबईचं होतं, असा माझ्या बहिणीला अजून संशय आहे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं पुण्यात जमलं. मुलाकडच्यांची मागणी एकच, लग्न चंद्रपूरला करा आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला वाघ दाखवा. भाऊजी चक्क म्हणाले, "या ना! जंगलाचं माह्यावर सोडा." आम्ही गार पडलो. मग मुहूर्तावरून घोळ. गुरुजी रविवार सुचवत होते, भाऊजी सोमवारावर अडून बसले. "सोमवारी कोन येते लग्नाले?" म्हणून बहीण फुगली, तरी हे हलेनात. शेवटी मी त्यांना ओसरीत गाठलं.

"माही एकच पोरगी आहे," ते म्हणाले. "उद्या सासरी तिचं माहेर म्हनजे काय, तं ऊन, कोयसा अन् वाघ? हे नाई चालनार मले."

यात सोमवार कुठून आला, ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं मंगळवारी सकाळी. टोप्या घातलेले, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले पुणेकर कार्यालयाच्या अंगणात तयार होते. भाऊजी छत्री घेऊन आले आणि गोड आवाजात म्हणाले, "आज मंगळवार. मंगळवारी जंगल बंद असते." हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विहीणबाई लालबुंद झाल्या. परतीची गाडी संध्याकाळची, दिवस सगळा मोकळा. "परकोट मात्र उघडा आहे," भाऊजी म्हणाले, "चला."

काय फिरवलं त्यांनी! छत्री विहीणबाईंच्या डोक्यावर, स्वतः उन्हात, आणि तोंड अखंड चालू. मध्ये तर्री-पोहे झाले, पुणेकरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी दुसरी प्लेट मागितली. विहीणबाई तेवढ्या घुश्शातच होत्या. मग समाधी आली. नवऱ्यामागे एकटीने मुलगा वाढवलेल्या त्या बाई तिथल्या पायरीवर टेकल्या आणि त्यांनी विचारलं,

"राजामागे राज्यही राणीनेच सांभाळलं का हो?"

"हो, बाई."

"मग हे कुणी सांगत कसं नाही आम्हाला?"

भाऊजी माझ्याकडे वळले. पहिलवानाने कुस्ती मारल्यावर जसं बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी स्टेशनवर विहीणबाई वाघाचं नावही काढत नव्हत्या, आणि भाऊजी लेकीकडे बघायचं टाळून हमालाशीच बोलत होते.

परवा लेकीचा फोन आला. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात म्हणे, "आमच्या सूनबाईचं माहेर चार दरवाजांच्या गावात आहे. राणीच्या गावची आहे ती." भाऊजींनी फोन स्पीकरवर टाकला, शेजाऱ्यांना बोलावलं आणि तेच तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. सगळे पांगल्यावर मात्र मला जवळ बसवून घेतलं.

"दिवाळीले येते ती," ते हळूच म्हणाले. "तवा ताडोब्याची बुकिंग करून ठेव बे. लहानपनापासून वाघ दाखवा म्हनत होती, मीच नेलं नाई." मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले. "अन् मी बी पाह्यला नाई अजून."