नागवेकरांच्या टेबलावरचे दोन पंप

ट्रकच्या इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्तीसाठी उघडण्यापूर्वी नागवेकर दुकानातला पंखा बंद करायचे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, वर पत्रा, बाहेर मे महिना, आणि आत आम्ही चार ट्रकवाले घामाने निथळत उभे. ते शटर अर्ध्यावर ओढायचे, जमिनीवर पाणी शिंपडायचे, हात साबणाने दोनदा धुवायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "तुला वारा पायजे तर समुद्रावर जा. हितं तांबडी धूळ आत गेली, तर पंप गेला."

मी तेव्हा चिऱ्याच्या खाणीवरून चिरे वाहायचो. माझा ट्रक जुना, सहा सिलिंडरचा. त्याचा पंप झिजला आणि गाडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा मला कुणीतरी सुचवलं, की लाइन पंप काढून त्या जागी रोटरी बसव. हलका असतो, सुटसुटीत असतो. मी नागवेकरांना तसं म्हणालो. त्यांनी दोन्ही जातींचे पंप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"ह्या लाइन पंपात सहा भाऊ हायत," ते म्हणाले. "प्रत्येक सिलिंडरचा भाऊ वेगळा. एक आजारी पडला, तर पाच जण ओढतात, गाडी धापा टाकत का होईना, घरी येते. रोटरीत कमावता एकच. तो बसला की सगळं घर बसलं. त्यात त्याला वंगण म्हणजे डिझेलच. तुझ्या पिंपातल्या डिझेलात पावसाचं पाणी गेलं, तर दोन दिवस टिकायचा न्हाय."

"म्हणजे रोटरी वाईट?"

"वाईट कशाला? डिझेल स्वच्छ असलं तर त्याच्यासारखा हलका हात दुसऱ्याला न्हाय. पण तू चिरेवाला. तुला सहा भाऊच बरे."

रोटरीच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणजे सावर्ड्याचे साळवी. तेही पंपाचेच मेकॅनिक. एका लग्नाच्या पंगतीत या दोघांचं या विषयावर एवढं वाजलं होतं, की त्यानंतर सात-आठ वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. तरी साळवींच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं नागवेकरांना खपायचं नाही. "तोंड वाईट हाय त्याचं, हात न्हाय," एवढंच म्हणायचे.

नागवेकरांनी माझा लाइन पंप नवा करून दिला. तीन महिने ट्रक सुरेख चालला. मग एका दुपारी, माहेरून परत येणाऱ्या माझ्या बायकोला शेजारी बसवून मी भरल्या गाडीने हातखंब्याचा उतार उतरत होतो. अचानक इंजिन आपलं आपणच किंचाळायला लागलं. पाय पेडलवरून काढला, बंद करायची दांडी ओढली, तरी वेग चढतोच आहे. मी टॉप गिअर टाकला, सगळा जोर ब्रेकवर दिला आणि क्लच सोडून इंजिन कोंडून बंद पाडलं. पुढचं चाक गटारात उतरलं होतं. बायकोने दरवाजाची कडी दोन्ही हातांनी धरली होती. ती सोडवायला मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

दुसऱ्या दिवशी पंप नागवेकरांच्या टेबलावर आला. दुकानात जमलेले ट्रकवाले आपापली मतं देत होते. कुणी म्हणालं डिझेलात कचरा असणार, कुणी म्हणालं यानेच पंपाशी काहीतरी खुडबूड केली असणार. नागवेकरांनी वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं झाकण उघडलं, आत बोटं घातली आणि तळाच्या तेलातून एक बारीक पिन बाहेर काढली. ती त्यांच्या तळहातात होती. मूठ मिटली असती तर कुणालाच काही कळलं नसतं.

"ही माझी चूक," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "पिन घातली, पण तिची टोकं वाकवली न्हाईत. ती निसटली आणि डिझेल कमी-जास्त करणारा दांडा मोकळा झाला. ह्याचा काय दोष न्हाय."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. ओटीवर उभ्या उभ्याच त्यांनी बायकोलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, त्या कडीचे वळ अजून हातावर आहेत." त्यांनी मान खाली घातली. समजूत काढली नाही, की देवाने वाचवलं असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने तिनेच त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

त्या खुर्चीत बसून त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की काचबिंदूने एक डोळा जवळजवळ गेला आहे आणि दुसराही त्याच वाटेवर आहे. वर्षभर ते बहुतेक कामं बोटांनी चाचपूनच करत होते. "बोटांवर जरा जास्तच भरवसा ठेवला," ते म्हणाले. "उद्या तुझा पंप घेऊन सावर्ड्याला जाऊ."

साळवी आम्हाला बघून जागचे उठलेच. नागवेकर सरळ म्हणाले, "मला दिसत न्हाय आता. पिन वाकवायची ऱ्हायली माझ्याकडनं. ह्याचा गव्हर्नर तू बसव."

साळवींनी पंप टेबलावर घेतला. जोडणी केली, नवी पिन घातली, तिची टोकं वाकवली आणि मग नागवेकरांचं बोट धरून त्या पिनेवर टेकवलं. "बघा."

"आणखी थोडी."

साळवींनी ती आणखी थोडी वाकवली.

त्याच आठवड्यात नागवेकरांनी दुकान बंद केलं आणि ते मालगुंडला लेकीकडे राहायला गेले. गेल्या वर्षी तिथेच वारले. अंत्यविधीला साळवी सावर्ड्याहून आले होते. परतताना मी त्यांना माझ्याच ट्रकमध्ये घेतलं. गणपतीपुळे मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत साळवी म्हणाले, "त्या पिनेसारख्या चुका मीसुद्धा केल्यात. दोन. कुणाला सांगितलं नाही."

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर ते उतरले आणि सावर्ड्याच्या गाडीकडे चालू लागले.