खोब्रागडे बाईंची वीस वाक्यं

खोब्रागडे बाईंना नाडी पाहता येत नव्हती. तरी आठवड्यातून दोनदा त्या दवाखान्याच्या वॉर्डात यायच्या आणि नर्सिंग शिकणाऱ्या आम्हा पोरींच्या नोंदवह्या उघडायच्या. "काय लिवलं? 'पेशंट इज बेटर'? मंग वाचून दाखव तिले. तिच्या भाषेत." आम्ही खाटेजवळ जाऊन कधी मराठीत, कधी मोडक्यातोडक्या गोंडीत सांगायचो, की तुम्हाला बरं वाटतं असं लिहिलंय. खाटेवरून उत्तर यायचं, "कुठी बरं? डोळाच नाई लागला." की बाई पेन पुढे करायच्या, आता हे लिही म्हणून. डॉक्टर हसायचे. हसेनात का!

ब्रह्मपुरीच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या गडचिरोलीला आमच्या नर्सिंग शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. मी गोंडपिपरीकडची, इंग्रजीचं नाव काढलं की मागच्या बाकावर सरकायची. बाई फळ्यावर इज, लुक्स, फील्स, सीम्स, बिकम्स असं लिहायच्या. "ह्या क्रियापदाईले कामधंदा नाई. खात नाई, धावत नाई, फक्त जोडून देतेत. 'शी लुक्स पेल', म्हंजे फिकट दिसते. पेल कोन? ती. शब्द तिले जाऊन चिकटला. म्हून चिकटवाच्या आधी नीट पाहा."

पण परीक्षा तोंडावर आली तेव्हा बाईंनीही सगळे करतात तेच केलं. वीस तयार वाक्यं दिली आणि पाठ करा म्हणाल्या. पहिलंच होतं 'पेशंट इज कम्फर्टेबल'. कम्फर्टेबलचं स्पेलिंग मी झोपेतही सांगितलं असतं.

दुसऱ्या वर्षी बाळंतिणींच्या वॉर्डात माझी सकाळची पाळी होती. धानोऱ्याकडची सोमारी पहाटे बाळंत झाली होती, पहिलीच मुलगी. आठला, नऊला, दहाला मी तेच वाक्य लिहिलं. मग बाळाला घेऊन बाहेर उन्हात बसलेली तिची सासू आत आली, तिनं चादर उचलली आणि किंचाळली. गादी रक्तानं भिजली होती. डॉक्टर धावले, रक्ताच्या बाटल्या लावल्या. दुपारी सोमारी गेली.

शाळेच्या ऑफिसात प्राचार्यांपुढे माझी वही टेबलावर उघडी पडली होती. मला काढून टाकणार हे दिसतच होतं. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी एकटीच. परत गेले असते तर धानाचा बांध आणि लग्न, तिसरं काही नव्हतं. तेवढ्यात बाई न बोलावता आत आल्या. "वाक्य माहं हाये," त्या म्हणाल्या. "हिले दुसरं लिवताच येत नाई. मीच पोपट केले ह्या पोरीइचे. जे काय द्याचं ते मले द्या." त्यांना लेखी ताकीद मिळाली, पस्तीस वर्षांत पहिली. मी राहिले. आणि मी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून वीस वाक्यं बंद झाली आणि बाईंचं वॉर्डात येणं सुरू झालं. पुढची चार वर्षं, गुडघे जाईपर्यंत, त्या येत राहिल्या.

मागच्या वर्षी त्या आजारी असल्याचं कळलं. आता मी स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली. ब्रह्मपुरीला गेले. बाईंच्या अंगात काही उरलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले आणि एका दमात सांगून टाकलं. "बाई, चूक तुमची नव्हती. दहा वाजता ती मला म्हणाली होती, थंडी वाजते. मी तसं लिहिलंही होतं. पण बाळंतिणीला थंडी वाजली की रक्त जातंय का ते बघायचं असतं, तसं लिहिलं की मोठ्या सिस्टरला बोलवावं लागतं, आणि त्या सकाळी मी आधीच दोनदा बोलणी खाल्ली होती. म्हणून खोडलं. आणि तिच्यावर आणखी एक चादर घातली."

"माहीत हाये," बाई म्हणाल्या. "'फील्स कोल्ड' लिवून खोडलं होतंस. मास्तरनीले खोडलेलं आधी दिसते."

मी त्यांचे पाय सोडले. "मंग तवा काऊन नाई बोलल्या?"

"तुले काढलं असतं तं घरी बसून रडली असतीस. कोनाचं काय भलं झालं असतं? तू वॉर्डात राहाले पायजे, असं वाटलं. बरोबर केलं का चूक, मले आजबी समजत नाई." बराच वेळ त्या दम घेत राहिल्या. "सोमारीच्या घरी कोनी गेलं नाई. मीबी नाई. तू जाजो."

महिनाभरात बाई गेल्या. मी खूप रडले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून परतताना घरी न जाता मी धानोऱ्याची जीप धरली.

सोमारीचा नवरा अंगणात बांबू सोलत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खोडलेल्या शब्दासकट. शिव्या खायची, मार खायचीही तयारी होती. त्यानं हातातला बांबू खाली ठेवला.

"थंडी वाजते, असं तिनंच म्हनलं?"

"हो, भाऊ."

"आमाले कोनी सांगतलंच नाई, ती शेवटी काय बोलली ते." त्यानं आत हाक मारली. तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी दारात आली. "इथी बस," तो तिला म्हणाला, "ह्या बाई तुह्या मायजवळ होत्या." मग माझ्यासाठी खाट टाकली आणि म्हणाला, "आता पयलेपासून सांगा."

मी पुन्हा सांगितलं, या वेळी तिच्याकडे बघून.