रुईच्या पानावरची अळी

दादरला मारुतीच्या देवळाबाहेर दर शनिवारी एक मावशी रुईचे हार विकायला बसतात. दिवाळीनंतर त्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या सापडतात. मावशी प्रत्येक अळी पानासकट डब्यात ठेवतात आणि घोडपदेवला आपल्या चाळीमागच्या रुईवर नेऊन सोडतात. "फुलपाखरं होतात त्यांची," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं.

गेल्या शनिवारी एका गिऱ्हाइकाला हारावर अळी दिसली. त्याने ती झटकली आणि चपलेखाली चिरडली. मावशींनी त्याच्या हातातून हार काढून घेतला.

"तुम्हाला नाही देणार. पान आधी तिचं होतं, मग देवाचं."

तो शेजारी बसलेल्या हारवालीकडून हार घेऊन रांगेत माझ्यापुढे डोळे मिटून उभा राहिला. माझा संताप अजून उतरलेला नाही.