आजचा भाग

रूथबाई उद्यासाठी काही ठेवत नसत. पोळी उरली तर गल्लीतल्या कुत्र्याला, दूध उरलं तर मांजरीला. एकदा होळीला मी चिडून म्हटलं, "अहो, दोन पुरणपोळ्या घेऊन जा ना घरी, उद्या खा." त्यांनी डबा माझ्याकडे परत सरकवला. "उद्याचं आजच बांधून ठेवलं ताई, तर उद्या प्रभूला काय काम उरलं?" कपाळ माझं! पोळ्या मीच खाल्ल्या.

त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. काशीतल्या एका इस्पितळात नर्स होत्या. निवृत्तीनंतर बालाजी घाटाजवळच्या गल्लीत एका खोलीत एकट्या राहत. आमचं घर पुढच्याच वळणावर. आम्ही चार पिढ्यांचे काशीकर. बाबा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय होते. ते गेले आणि मागोमाग आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर आईची हिंदीही गेली. जन्मभर भाजीवाल्याशी भांडलेली हिंदी, एक शब्द उरला नाही. उरली मोडकीतोडकी मराठी आणि एक भीती. मी शाळेत शिकवायला गेलेली असताना मरण आलं, तर तिचं शेवटचं बोलणं कुणालाच कळणार नाही. ते ऐकून रूथबाई एवढंच म्हणाल्या, "मी असेन."

रोज सकाळी सहाला त्या हजर, त्या मी शाळेतून येईपर्यंत. आईचं अंग पुसायचं, कूस बदलायची, मग पिशवीतून शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, काढून मोठ्यानं एक अध्याय वाचायचा. त्याला त्या 'आजचा भाग' म्हणत. ओळीनं जो येईल तो. निवडायचा नाही, पुढे डोकवायचं नाही. आई डाव्या हातात जपमाळ धरून, डोळे मिटून ऐकायची. देवावरून दोघींचं कधी वाजलं नाही. आईला मराठी कानावर पडण्याशी मतलब.

निवृत्त झालात तेव्हाच गावी का नाही गेलात, असं मी विचारलं होतं. त्या हसल्या. "तिकीट काढलं होतं की. त्या दिवशी भाग आला तो देवानं धाडलेल्या शहराकडं पाठ फिरवून जहाजात बसणाऱ्या माणसाचा. तो जहाजानं पळाला, मी रेल्वेनं पळत होते. गेले स्टेशनावर, तिकीट परत केलं. पाचारण काशीचं आलंय, मग नगर कुठल्या तोंडानं मागू?"

मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. म्हातारीला बाटवतायत म्हणे. पानवाला मला बघून मान फिरवू लागला. आणि सहाच्या सुमारास दारासमोर एक मोटरसायकल येऊन थांबू लागली. दोघं जण, आमच्याच गल्लीतले, लहानपणी आईच्या हातचे लाडू खाल्लेले. ते उतरत नसत. रूथबाई जिना चढेपर्यंत इंजिन चालू ठेवून बघत राहायचे आणि निघून जायचे. तो आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायची.

एका सकाळी ते वर आले. "काकी को रोज क्या सुनाती हैं? हमको भी सुनाइए."

मी रूथबाईंच्या कानाशी लागले. मागचं काहीतरी वाचा, दयेचं, क्षमेचं, कुणाला झोंबणार नाही असं. त्यांनी मान हलवली. "आजचा भाग तो आजचाच, ताई." हट्टी बाई. पान उघडलं, आणि निघाली नावं. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. पान उलटलं तरी नावंच. दोघं एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात खाटेवरून आई हसली. वाकड्या तोंडानं, पण हसली. "ह्यांचं... यजमान..." मी त्यांना हिंदीत समजावलं, की बाबा यजमानांच्या सात पिढ्यांची नावं अशीच घडाघडा म्हणायचे, ते तिला आठवलंय.

धाकटा चपला घालून खाली गेला. थोरला दारात थांबला. "बहनजी, जब तक काकी हैं, तब तक. उसके बाद ये यहाँ नहीं दिखनी चाहिए." त्या दिवसापासून आईचा श्वास जरा अडला तरी मी दोघींसाठी घाबरायची.

थोड्याच दिवसांत घरमालकानं रूथबाईंच्या खोलीला आपलं कुलूप लावलं. ट्रंक बाहेर पायरीवर. मी संतापले. "आता सांगा, कुठून पुरवणार तुमचा प्रभू?" "पुरवील," त्या म्हणाल्या, पण पिशवी छातीशी घट्ट धरून. आईनं चांगला हात खाटेखाली सोडला, बाजूच्या जमिनीकडे बोट केलं आणि म्हणाली, "इथं." झालं, ट्रंक आमच्या घरात आली. मोटरसायकल आता संध्याकाळीही येऊ लागली.

आई गेली ती सकाळीच. तिला घरघर लागली तेव्हा भाग अर्ध्यावर आला होता. आम्ही तिला खाली घेतलं. "बाई, आहात ना?" तिनं विचारलं. "आहे, आई," रूथबाई म्हणाल्या. मी तोंडात गंगाजल घातलं. रूथबाईंनी पानात दोरा ठेवून शास्त्र मिटलं.

मणिकर्णिकेला नेताना त्या दोघांनीही खांदा दिला. परत आल्यावर आमच्या पायरीवर बसून वरच्या खिडकीकडे बघत राहिले.

"भीती वाटते, ताई," ट्रंक भरताना रूथबाई म्हणाल्या. "पण मला थांबवलं होतं ते आईंसाठी. ते झालं."

"मग आता कुठे?"

"गाडीत सकाळ होईल, तेव्हा भाग वाचेन. त्यात कळेल."

मी त्यांना सोडायला गेले. मोटरसायकल स्टेशनापर्यंत आमच्या रिक्षामागे होती.

दुसऱ्या दिवशी सहाला माझा फोन वाजला. "कालचा भाग अर्धा राहिला होता. आईंच्या जागी ठेवा फोन." आईच्या जागी दिवा तेवत होता. त्याच्याजवळ फोन ठेवून मी आवाज मोठा केला. गाडीच्या खडखडाटातून रूथबाई वाचू लागल्या, सावकाश, रोजच्यासारख्या.

खाली मोटरसायकल येऊन थांबली. या वेळी त्यांनी इंजिन बंद केलं. जिन्यावर पावलं वाजली. फोन बंद करायला गेलेला हात मी मागे घेतला आणि दिव्याशी बसून राहिले. भाग अजून बराच बाकी होता.