ओएलईडीचा डेमो पीस आणि आमचे हे

दुकानात न खपलेला माल जसा एका कोपऱ्यात साठत जातो, तसे किस्सेही साठतात. मालाचं बरं असतं, तो निदान परत पाठवता येतो. किस्से कोणी परत घेत नाही! मागच्या भिशीत मैत्रिणींना दोन-तीन सांगितले, तर त्या हसून हसून लोळल्या. मला मात्र हे सगळं घडत असताना एकदाही हसू आलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं जळगावात कम्प्युटरचं दुकान आहे. म्हणजे काय, तर प्रिंटरच्या कार्ट्रिज भरायच्या, झेरॉक्स काढायच्या आणि कोणी "खूप स्लो झालाय हो" म्हणत कम्प्युटर आणला की त्यातली धूळ काढायची. मी काउंटरवर बसते. आमचे हे, म्हणजे हेमंत, आत बसून दुरुस्ती करतात. लग्न झालं तेव्हापासून ह्यांची बोटं शाईने काळी आहेत. लग्नाच्या फोटोत मेंदी माझ्या हाताला आणि शाई ह्यांच्या!

गेल्या वर्षी धुळ्याच्या डिस्ट्रिब्युटरने, जयेशभाऊंनी, ह्यांना एक ओएलईडी मॉनिटर दाखवला. गेमिंगचा, सिनेमाचा, अगदी वरच्या रेंजमधला. त्या पडद्यावर जिथे काळं दाखवायचं असतं तिथला दिवाच विझतो म्हणे, त्यामुळे काळा म्हणजे खरोखरचा काळा. हे धुळ्याहून परत आले ते बस चुकवून, चेहरा पार बदललेला.

जयेशभाऊंची अट अशी, की डेमो पीस घेऊन जा, देवदिवाळीपर्यंत जळगावातून एक ऑर्डर आणा. एकच. आली तर ह्या रेंजची एजन्सी तुमची, नाही तर पीस परत.

हे मला म्हणाले, "एकदा तरी मला स्वतःला आवडलेली वस्तू विकायची आहे गं. जन्मभर लोकांच्या कार्ट्रिजच भरायच्या का?"

आता नवऱ्याने असं म्हटल्यावर बायकोने काय करायचं? मी काउंटर पुसला आणि जागा करून दिली.

*

पहिली अडचण उजेडाची. आमचं दुकान पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतर जळगावचं ऊन असं आत येई की त्या खऱ्याखुऱ्या काळ्याचा पार करडा होऊन जाई. ह्यांनी ट्यूबलाइट बंद केल्या. नाही जमलं. मग शटर अर्धं खाली ओढलं. आत गुडुप अंधार आणि पडद्यावर लखलखती आकाशगंगा! हे मला म्हणाले, "बघ." मी बघितलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं.

तेवढ्यात बाहेर खडखड आवाज. शेजारच्या मोबाइलवाल्याने शटर अर्ध्यावर घेतलं. त्याचं बघून समोरच्या चपलांच्या दुकानाने. मग बेकरीने. आमच्या बाजारात एकाने शटर ओढलं की बाकीचे कारण विचारत नाहीत, आधी आपलं ओढतात. बघता बघता अर्धी गल्ली अंधारात!

स्टेशनरीवाले नाना वाकून, धोतर सावरत शटरखालून आत आले. "सूनबाई, कोणाचा बंद आहे? का कोणी गेलं?"

"कोणी नाही गेलं, नाना. आमच्या ह्यांचा बंद आहे."

नाना आकाशगंगेसमोर मिनिटभर हात मागे बांधून उभे राहिले. "झकास आहे," म्हणाले. "आता आम्ही उघडायचं कधी, तेवढं सांग."

*

दसऱ्याला आमच्याकडे दुकानातल्या सगळ्या मशीनची पूजा होते. झेरॉक्स मशीनला हळद-कुंकू, प्रिंटरला हळद-कुंकू, पंख्यालासुद्धा. सासूबाई त्यासाठी खास साक्रीहून येतात. ओल्या हळदीत बोट बुडवून त्या जी सुरुवात करतात, ती थेट मीटरपर्यंत!

त्यांचं बोट मॉनिटरकडे निघालं आणि हे दोन्ही हात पसरून पडद्यासमोर आडवे झाले. "आई, नको! त्याच्यावर कोटिंग आहे. पुसलं जात नाही. मागच्या बाजूला लाव."

"पाठवर कोन कुकू लावस रे?" सासूबाई तडकल्या. "बठ्ठास्ले लावं, यालेच काबर नही?" सगळ्यांना लावलं, मग ह्यालाच का नाही, हा त्यांचा सवाल.

ह्यांनी कोटिंग म्हणजे काय, पिक्सेल म्हणजे काय, सगळं समजावलं. सासूबाई ओलं बोट तसंच वर धरून शांतपणे ऐकत होत्या. ह्यांचं संपल्यावर त्यांनी ते बोट ह्यांच्या कपाळावर टेकवलं. वर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल कानावर ठेवलं.

दसऱ्याच्या फोटोत एका ओळीत झेरॉक्स मशीन, दोन प्रिंटर आणि आमचे हे आहेत. चौघांनाही हळद-कुंकू आहे. खरेदी-विक्रीला उभा केल्यासारखा चेहरा मात्र एकाचाच!

*

माझ्या भिशीच्या मैत्रिणी एकदा मुद्दाम बघायला आल्या. ह्यांनी शटर ओढलं (गल्लीला आता सवय झाली होती, कोणी हललं नाही), एका अंधाऱ्या गुहेचा सीन लावला आणि बाजूला उभे राहिले.

एक मैत्रीण पुढे झाली. अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. हे हळूच मला म्हणाले, "हिला कळलं बघ."

"किती स्वच्छ दिसतं गं!" ती म्हणाली आणि पडद्यात बघून केसांची पिन काढून परत लावली. मग मागे वळून बाकीच्यांना, "या गं, इथे आरशापेक्षा छान दिसतं!"

सगळ्याजणी एकेक करून पुढे आल्या. कोणी पदर नीट केला, कोणी टिकली. गुहेकडे कोणाचं लक्ष गेलं असेल तर शपथ.

त्या गेल्यावर ह्यांनी शटर वर केलं. मग म्हणाले, "ग्लॉसी पॅनल आहे ना, त्यामुळे."

*

खरा जाणकार आला तो बोदवडहून. दातांचे डॉक्टर, वय तिशीचं, गेमिंगचं प्रचंड वेड. त्यांना रिफ्रेश रेट, रिस्पॉन्स टाइम, एचडीआर सगळं पाठ! ह्यांना तर भाऊ भेटल्यासारखं झालं. डॉक्टर रविवारी सकाळच्या गाडीने लॅपटॉप घेऊन येत, आमच्या मॉनिटरला जोडत आणि संध्याकाळपर्यंत झोंबी मारत बसत. मी चहा देई. पुढच्या रविवारी पोहे. त्याच्या पुढच्या रविवारी वरणबट्टी! म्हटलं, एक ऑर्डर तर आहे. जावई समजून वाढलं.

शेवटी एका रविवारी डॉक्टर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "हेमंतभाऊ, मनातल्या सगळ्या शंका मिटल्या. हाच घ्यायचा!"

माझ्या हातातला डाव खाली पडायचा बाकी होता.

"काल रात्रीच ऑनलाइन ऑर्डर केला," डॉक्टर म्हणाले. "आला की फोन करतो. बसवायला याल ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे "येईन की!" म्हणाले. आणि गेले! चांगला अर्धा दिवस घालवून, स्वतःच्या खर्चाने, बोदवडला. मी ठरवलं होतं, आल्यावर एक शब्द बोलायचा नाही.

संध्याकाळी हे आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "त्यांच्या खोलीला एकच खिडकी आहे गं. काळा काय सुंदर दिसतो तिथे!"

 

*

आणि मग डाळ मिलवाले शेठजी आले. देवच पावला म्हणा ना! राजस्थानातून तीन पिढ्यांमागे इथे आलेलं घराणं, सगळा कारभार रोकडा. दारातूनच विचारलं, "हेमंतभाऊ, सगळ्यात भारी मॉनिटर कोणता?"

"हा."

"बांधा."

मी बिलबुकाकडे हात नेला. तेवढ्यात ह्यांना काय बुद्धी झाली, विचारलं, "शेठजी, सिनेमा बघणार का गेम?"

"कसला गेम! मिलचे आठ कॅमेरे लावायचे. दिवसभर माझ्या गादीसमोर चालू पाहिजेत."

ह्यांचा चेहरा उतरला. "शेठजी, मग हा नका घेऊ. ह्याच्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा डाग पडतो. कायमचा. चित्र सारखं बदलत राहिलं पाहिजे."

शेठजी ह्यांच्याकडे बघत राहिले. "भाऊ, माझ्या कॅमेऱ्यात चित्र बदललं म्हणजे चोरी झाली!"

मी काउंटरखालून ह्यांच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही. ह्यांनी शेठजींना साधा मॉनिटर दिला आणि वर सांगितलं, "तुमच्या कामाला हाच चांगला." शेठजी खूश होऊन गेले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, इतका सच्चा माणूस बाजारात दुसरा नाही."

ते मला माहीत होतं. मी आत जाऊन थोडं रडून घेतलं.

*

दिवाळी तोंडावर आली आणि गिऱ्हाईक म्हणाल तर फक्त झेरॉक्सचं. ह्यांची झोप उडाली होती. एका सकाळी उठले ते एकदम उत्साहात. "लोक मॉनिटर बघायला थांबत नाहीत. पण पैसे देताना तर थांबतात ना?"

काउंटरवरचा क्यूआर कोडचा स्टँड ह्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि मॉनिटर गिऱ्हाइकाकडे वळवून त्याच्यावर तोच क्यूआर कोड लावला. मोठ्ठा, झगझगीत, उन्हातही दिसावा म्हणून ब्राइटनेस फुल! मी म्हटलं, "अहो, तुम्ही शेठजींना काय सांगत होतात?"

"ते दिवसभर म्हणालो होतो. हे पेमेंटपुरतंच."

पण दिवाळीत पेमेंट थांबतं का? सकाळी लावलेला कोड रात्री शटर ओढेपर्यंत तसाच. येणारा प्रत्येकजण त्या पडद्यासमोर उभा राहून पैसे देत होता आणि काउंटरवरचा बोलका डबा रक्कम पुकारत होता. हे आशेने एकेकाचा चेहरा बघत. ऑर्डर काही आली नाही.

देवदिवाळी झाली आणि जयेशभाऊ धुळ्याहून स्वतः पीस न्यायला आले. पडदा तपासायला त्यांनी नुसता करडा रंग लावला. मग जवळ गेले. मग मान तिरपी केली.

"हेमंतभाऊ, रात्री हा स्टँडबायवर असायचा ना? तेव्हा हा स्वतःच पडदा साफ करतो, डाग बसू देत नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रात्री मेन स्विच बंद करून, त्याला नमस्कार करूनच आम्ही घरी जातो. सासऱ्यांपासूनची पद्धत आहे.

 जयेशभाऊंनी खिशातून मोबाइल काढला आणि त्या करड्या पडद्यासमोर धरला. थोडा पुढे, थोडा मागे. मग थांबले.

"तुमचं नाव आलं," ते हळूच म्हणाले आणि अंगठा दाबला.

काउंटरवरचा डबा नेहमीसारखाच आनंदाने बोलला, "एक रुपया प्राप्त झाला!"