पडद्यावरच्या शेळ्या

सांगोल्यात टँकरचं पाणी आधी शेळ्यांना, मग आम्हाला. त्याच शेळ्यांच्या जिवावर मी घरातली पहिली पदवीधर झाले. त्यांच्या लसीच्या कागदांचे फोटो मी संगणकात ठेवले; पण आईला अक्षर येत नाही, मी घरी नसले की कागद शोधायला ती शेजाऱ्यांची वाट बघायची.

म्हणून आईला आणि संगणकाला घेऊन मी सात रस्ता चौकातल्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं चष्मा कपाळावर चढवून आधी विचारलं, “वापरणार कोण?”

“आई.”

“मग तुमी गप बसा की. मावशी, शेळ्या कशा वळखता?”

“तोंडावरनं. माणूस चुकंल, शेळी न्हाय!”

त्यानं पडद्यावरचा पसारा काढला, बाण मोठा केला, प्रत्येक फोल्डरवर त्या त्या शेळीचा फोटो लावला.

परवा जनावरांचे डॉक्टर आले. आईनं बाराही शेळ्यांचे कागद स्वतः उघडून दाखवले.